तानबाजींची काळी पट्टी

तानबा उरकुडे यांना आडनावानं ओळखणारं माणूस समुद्रपूर तालुक्यात शोधून सापडायचं नाही. म्हातारे त्यांना डाक्टर म्हणतात, तरुण तानबाजी म्हणतात, आणि ज्यांच्या घरी कुत्रं आजारी आहे ते फाटकाशी उभे राहून नुसतंच "हायेत का?" असं विचारतात. डॉक्टर ते कधीच नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जखमा धुणं, बैल आडवा पाडून धरणं, औषधं वाटणं हे त्यांचं काम. चौतीस वर्षं ते केलं आणि सहा वर्षांपूर्वी शाल-नारळ घेऊन ते घरी आले. घर जाम गावच्या चौकातून आत वळल्यावर पहिल्याच वस्तीत आहे, त्यामुळे निवृत्तीनंतरही गिऱ्हाइकांना वाट विचारावी लागली नाही.

माणूस चांगला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाला तसं म्हणावंसं वाटणार नाही. तपासायचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. लोक सोयाबीन आणून देत, भाजी आणून देत, आणि सुलोचनाबाई, म्हणजे त्यांची बायको, ती पिशवी आत नेताना म्हणत, "कुत्र्याच्या गुवावर संसार चालून राह्यला आमचा." तानबाजींना या बोलण्याचा राग येत नसे, उलट थोडी ऐटच वाटे. कारण त्यांच्यापाशी एक विद्या होती आणि ती आसपासच्या पन्नास गावांत दुसऱ्या कोणापाशी नव्हती.

ती त्यांना नोकरीच्या सुरुवातीला एका साहेबांनी शिकवली होती. कुत्रं भरपूर खातं, तरी वाळत जातं, आणि विष्ठा ढीगभर, पांढुरकी, तेलकट पडते. असं झालं की दोष स्वादुपिंडात असू शकतो. स्वादुपिंड म्हणजे जठरामागे दडलेली एक लांबट ग्रंथी. तिचा रस आतड्यात उतरला नाही, तर खाल्लेलं पचत नाही. हा रस उतरतो की नाही हे पाहायला साहेब खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात थोडी विष्ठा कालवायचे, त्यात एक्स-रेच्या जुन्या फिल्मची बोटभर पट्टी बुडवायचे आणि ती काचेची नळी कोमट पाण्यात तासभर ठेवायचे. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. विष्ठेत रस असला तर तो हा थर पचवून टाकतो. मग पट्टी नळाखाली धरली की काळं वाहून जातं आणि खालचं निळसर प्लॅस्टिक उघडं पडतं. रस नसला तर पट्टी काळी ती काळीच. पहिल्यांदा ते काळं वाहून जाताना पाहिलं तेव्हा चोवीस वर्षांच्या तानबाचा श्वास अडकला होता. दहावी नापास झालेला पोरगा आपण, आणि कुत्र्याच्या पोटात काय चाललंय हे आपल्याला नळाखाली दिसतंय.

साहेबांनी त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली होती. आजारी कुत्र्याच्या नळीशेजारी दरवेळी धडधाकट कुत्र्याचीही नळी लावायची. "पहिली नळी कुत्र्याची परीक्षा घेते तानबा, दुसरी तुझी घेते." बरीच वर्षं तानबाजींनी हा नेम पाळला. पण धडधाकट कुत्र्याची पट्टी प्रत्येक वेळी साफ निघे. पाच वर्षं निघाली, दहा वर्षं निघाली. साहेब बदलून गेले, नवे आले, त्यांना या पट्टीत रस नव्हता. मग एकदा दुसरी नळी फुटली आणि तानबाजींनी ती पुन्हा आणली नाही. आपली परीक्षा आता कोण घेणार, असंच त्यांना वाटलं असणार.

घरी आल्यावर त्यांनी पडवीत टेबल मांडलं. कोमट पाण्यासाठी घरातला चहाचा थर्मास उचलला. सुलोचनाबाईंनी त्या दिवसापासून थर्मासला हात लावला नाही आणि पाहुणे आले की लांबूनच सांगत, "तो डाक्टरसाहेबांचा हाये." फिल्म आणून द्यायचं काम पुतण्याचं. नीलेश वर्ध्याला, सावंगीच्या रस्त्यावर एका एक्स-रे सेंटरमध्ये कामाला आहे. बिघडलेल्या, कोणी न नेलेल्या फिल्म तो दिवाळीला आणि पोळ्याला घरी येताना आणायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं आणलेला गठ्ठा तानबाजींना फार आवडला. फिल्म पातळ, चकचकीत, कोपऱ्यात बारीक छापील अक्षरं. "आता माल सुधारला बरं," असं ते म्हणाले आणि जुने उरलेले तुकडे त्यांनी चुलीत घातले.

त्यानंतर पट्ट्या काळ्या राहू लागल्या.

आधी वर्षाकाठी एखादं कुत्रं तसं निघे. आता जे येईल ते तसंच. दुसरा कोणी असता तर त्याच्या मनात पाल चुकचुकली असती. तानबाजींच्या मनात सिद्धांत तयार झाला. लोक कुत्र्यांना बिस्किटं चारतात, ढाब्यावरचं तेलकट चारतात, त्यानं स्वादुपिंड जळतं, असं ते जामच्या चौकात उभं राहून तासभर सांगत. लोक माना डोलवत. कोणी म्हणे, माणसाचंही असंच होऊन राह्यलं तानबाजी, आणि ते म्हणत, होणारच. बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

या रोगात रोजच्या खाण्यात आयुष्यभर एक पावडर घालावी लागते, ती नागपूरहून आणावी लागते, हे त्यांना माहीत होतं. ज्यांना झेपेल असं वाटे त्यांना ते पावडरीचं सांगत. ज्यांना झेपणार नाही असं त्यांना स्वतःलाच वाटे, त्यांना ते पावडरीचं नावसुद्धा सांगत नसत. उगाच जीव टांगणीला कशाला लावायचा, हा त्यांचा विचार. हिरालाल किराणावाल्यानं आपलं पांढरं कुत्रं मोटरसायकलवर बसवून हायवेपलीकडे सोडून दिलं ते त्यांच्याच शब्दावर.

आनंदाबाईंची चहाची टपरी जामच्या चौकात, ट्रक उभे राहतात त्या बाजूला आहे. बाई पंचावन्नच्या, एकट्या, बोलायला फटकळ. सहा वर्षांपूर्वी एका ट्रकमधून एक तांबूस कुत्रं उतरलं आणि ट्रक निघून गेला तरी बाकड्याखालीच बसून राहिलं. कोणाचं, असं लोकांनी विचारलं तर बाई म्हणाल्या, "पाहुणा हाये, जाईन." तो काही गेला नाही. नाव मात्र पाहुणाच पडलं. पहाटे टपरी उघडण्यापासून संध्याकाळी फळी लावेपर्यंत तो बाईंच्या पायाशी, आणि कोणी ड्रायव्हर दोन शब्द जास्त बोलला की उठून मध्ये उभा. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या त्याला शिव्या देत आणि पहिल्या पावाचा अर्धा तुकडा त्याला घातल्याशिवाय स्वतः चहा पीत नसत.

यंदा उन्हाळ्यात पाहुणा वाळू लागला. खाण्यात कमी नाही, पण फासळ्या मोजाव्यात अशा वर आल्या आणि विष्ठा पांढुरकी, चिकट, घाण वासाची. बाईंनी ती डब्यात घालून आणली. तानबाजींनी नळी थर्मासात ठेवली, तासाभरानं पट्टी नळाखाली धरली. ती काळीच होती.

"काय म्हणते जी पट्टी?" बाईंनी विचारलं.

"पिंड गेलं त्याचं, आनंदाबाई. आता खाईन ते तसंच बाहीर पडन."

"औषध?"

तानबाजींनी टपरी आठवली, रोजच्या प्रत्येक घासाला पावडर लावणारी ही बाई डोळ्यापुढे आणून पाहिली आणि ठरवून टाकलं. "नाई. तुमी असं करा, खाणं हळूहळू कमी करजा. त्याच्या पोटात अन्न म्हणजे ओझंच हाये. जितकं घालान तितका त्रास. शांतपणे जाऊ द्या त्याले."

 "बरं झालं सांगतलं," बाई म्हणाल्या आणि डबा तिथेच धुऊन घेऊन गेल्या. पाहुणा त्यांच्यामागून चालत गेला.

चाळीसेक दिवसांनी हिंगणघाटहून मेघा डॉक्टर आल्या. तिशीतली मुलगी, तिकडे जनावरांचा नवा दवाखाना टाकलेली. चप्पल बाहेर काढून ती पडवीत आली, तानबाजींच्या पाया पडली आणि मग मोबाइलवर एक रिपोर्ट दाखवला. कुत्रं रोशनचं होतं, चौकातल्या टायरवाल्याचं, काळं-तपकिरी जर्मन शेफर्ड. तानबाजींनी त्याला दोन महिन्यांपूर्वी पिंड गेल्याचं सांगितलं होतं.

"काका, मी त्याला बारा तास उपाशी ठेवून रक्त घेतलं आणि मुंबईच्या लॅबला पाठवलं. स्वादुपिंड चांगलं आहे त्याचं. पोटात सूक्ष्म जंतू होते. दिसायला सगळं तसंच दिसतं, पातळ, तेलकट, वजन उतरलेलं. पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरा झाला."

"लॅबवाले काय चुकत नाई?" तानबाजी म्हणाले.

"चुकतात ना. पण कुत्रं बरं झालं, काका." ती जरा थांबली. "तुम्ही जोडीला निरोगी कुत्र्याची नळी लावता ना?"

"लावतो," तानबाजी म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या सहा वर्षांत त्यांनी कामाच्या बाबतीत स्वतःला वाचवायला बोललेलं हे पहिलं खोटं. आतून सुलोचनाबाईंनी ते ऐकलं आणि चहात साखर घालता घालता त्यांचा हात थांबला.

मुलगी गेल्यावर त्यांचा पारा चढला. कालची पोरगी येते आणि पाया पडून नाक कापून जाते. त्यांनी त्याच दुपारी शेजारच्या अण्णाजींच्या कुत्र्याची विष्ठा उचलून आणली. ते कुत्रं इतकं दणकट की अण्णाजी त्याच्या पाठीला टेकून पेपर वाचत. नळी लावली, तासभर समोर बसून राहिले, पट्टी नळाखाली धरली. काळी. सोडा जुना असेल म्हणून नवा सोडा आणला. काळी. मग शाळेमागच्या कुत्रीची, मग पिठाच्या गिरणीवरच्या कुत्र्याची. सूर्य कलला तोवर टेबलावर चार पट्ट्या ओळीनं पडल्या होत्या आणि चारही काळ्या होत्या. सगळ्या गावातल्या कुत्र्यांची स्वादुपिंडं एकदम कशी जातील, हा प्रश्न दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात शिरला आणि त्यांच्या पाचावर धारण बसली.

त्यांनी नीलेशला फोन लावला. "काऊन रे, त्या फिल्म कशाच्या हायेत?"

"डिजिटलच्या ना काका. दोन वर्ष झाले, आता सब मशीनवर निघते. काऊन?"

"जिलेटिन असते का तिच्यावर?"

"ते त मले नाई माहीत. पण पहिल्यासारखी धुवा नाई लागत. कोरडीच निघते."

तानबाजींनी फोन ठेवला. फिल्मवर थरच नसेल, तर रस पचवणार काय? घरात एकच जुनी फिल्म उरली होती. सुलोचनाबाई विहिरीच्या ओट्यावर घसरून पडल्या होत्या, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, तेव्हाची त्यांच्या मनगटाची. ती बाईंनी ट्रंकेत साड्यांच्या तळाशी जपून ठेवली होती. तानबाजींनी मागितली तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. कात्रीनं त्यांनी कडेची पट्टी कापली, हाडाला धक्का न लावता, आणि अण्णाजींच्या कुत्र्याच्या नळीत सोडली. तासानं ती नळाखाली धरली आणि काळं ओघळून गेलं. निळसर, स्वच्छ प्लॅस्टिक त्यांच्या बोटांत राहिलं. चाळीस वर्षांपूर्वी हेच पाहून त्यांना स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. आता ते पट्टी हातात घेऊनच मोरीवर जाऊन बसले.

"किती होते?" सुलोचनाबाईंनी मागून विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. हिरालालचं पांढरं, केळझरहून आलेल्या त्या जोडप्याचं, मास्तरांचं, कोर्‍याच्या रस्त्यावरच्या शेतातली दोन. रोशनचं वाचलं, ते त्यांच्यामुळे नव्हे. आणि पाहुणा. यातलं एखादं खरोखर त्या रोगाचं असेलही, पण कोणतं ते आता कधीच कळणार नव्हतं. पट्टीनं त्यांना दोन वर्षांत एकही गोष्ट सांगितली नव्हती. जे काही सांगितलं होतं ते त्यांनी स्वतःच.

"पाहुणा असन अजून," ते म्हणाले. "चाळीस दिवस त झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून त्या जंतूंवरच्या गोळ्या काढल्या. अशा गोळ्या त्यांच्याकडे कायम असत, पाहुण्याची पट्टी काळी निघाली त्या दिवशीही हाताच्या अंतरावर होत्या. पाकीट खिशात घालून ते चालत चौकात निघाले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. चूक फिल्मची होती, असं सुरुवातीला म्हणायचं. मग वाटलं, असं नको, चूक माझी होती, असंच म्हणायचं. चौक येईपर्यंत वाक्यं दहादा बदलून झाली होती.

बाकड्याखाली कोणी नव्हतं.

"मंगळवारी गेला जी," आनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी फडक्यानं बाकडं पुसलं. "बसा. चहा ठेवतो."

तानबाजी बसले. बाईंनी स्टोव्ह पेटवला आणि न विचारताच सांगू लागल्या, कारण त्यांनाही ते कोणाला तरी सांगायचं होतं. "तुमी सांगतलं तसंच केलं. आधी अर्धी भाकर, मंग पाव भाकर, मंग नुसतं पाणी. शेवटच्या आठ दिवसांत मी त्याच्यासमोर जेवलीच नाई, आत बसून जेवो. ताटाकडे असा पाहे ना तो. एक दिवस त्यानं एका ड्रायव्हरच्या हातचा पाव ओढला, त मीच काठी घातली त्याले. म्हटलं, ही भूक रोगाची हाये, खाऊन पोटातच दुखन त्याच्या." त्यांनी पातेल्यात साखर टाकली. "तुमी होते म्हणून समजलं. नाईतर मी माया करून करून त्याले खाऊ घालत बसली असती, आणि त्रास दिला असता."

तानबाजींचा हात खिशात होता. पाकीट बोटांना लागत होतं. याच क्षणी सांगायला हवं होतं, आणि त्यांनी ठरवलं की सांगायचं नाही. कुत्रं तर गेलंच. बाईच्या मनाला शांती आहे, ती काढून घेऊन काय मिळणार? त्यांनी स्वतःशी याला दया असं नाव दिलं. भीतीच होती ती. उद्यापासून चौकात कोणी मान डोलावणार नाही, ही भीती, आणि त्यांना ते आतून कळत होतं. 

"आलेच त एक काम करा," बाई म्हणाल्या आणि टपरीच्या मागे जाऊन एक पिल्लू घेऊन आल्या. तीन-चार महिन्यांची मादी, पांढरी, कान तांबूस. "हे आलं कोठून तरी. पाहुण्याजवळच झोपे, त्याचंच पाणी पिये. आता हिलेही तसंच सुरू झालं, पांढरं आणि चिकट. पट्टी लावून पाहा. मी कालपासून भाकर बंद केली हिची. म्हटलं, जे व्हायचं ते लवकर होऊन जाऊ दे, मागच्यासारखं लांबवाले नको."

पिल्लू तानबाजींच्या पायाशी सोडल्याबरोबर बाकड्याखालचा पावाचा कण शोधू लागलं. त्यांनी ते उचललं. पोट खपाटीला गेलं होतं, पण डोळे स्वच्छ होते, हिरड्या गुलाबी होत्या, आणि ते त्यांची बोटं चाटत होतं. आता गप्प बसण्याची सोय उरली नव्हती. त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"हिले खाऊ घाला. आत्ताच घाला. आणि ही गोळी, पाव पाव, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. पाणीही वेगळं ठेवजा."

"पट्टी नाई लावत?"

"नाई."

"या गोळीनं बरी होईन?"

"होईन बहुतेक."

बाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. मग त्यांनी तानबाजींकडे पाहिलं आणि त्यांची नजर तिथेच थांबली.

"मंग पाहुण्याले ह्या गोळ्या काऊन नाई देल्या?"

वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य आलं नाही. "माझी पट्टी खोटी होती, आनंदाबाई," तानबाजी म्हणाले. "दोन वर्षांपासून खोटी होती. मी तपासलीच नाई. तो बरा झाला असता."

स्टोव्हवरचं दूध वर आलं, तसं बाईंनी हात लांबवून स्टोव्ह बंद केला. पाव घेतला, दुधात कुस्करला, ताटली खाली ठेवली. पिल्लू तिच्यात तोंड घालून गपागपा खाऊ लागलं, आणि बाई उकिडव्या बसून त्याच्याकडे पाहत राहिल्या. एका ट्रकवाल्यानं दोन चहा मागितले. त्यांनी ऐकलं नाही.

"म्हणजे त्याले खरोखरच भूक लागत होती," त्या म्हणाल्या.

"हो," तानबाजी म्हणाले.